छोटी फोर-बाय-फोर : चैन की गरज?

 

फोर-बाय-फोर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मोठाले टायर, छतावर दिव्यांची रांग, ओढ्यातून पाणी उडवत जाणारी गाडी आणि मागे ढणाढणा वाजणारं गाणं. मोबाईलवर अशा रील्सना तोटा नाही. त्यामुळे एक समज पक्का झालाय, की फोर-बाय-फोर म्हणजे हौस, आणि तीही खिसा जड असणाऱ्यांची.

मला आज दुसऱ्या बाजूनं बोलायचंय. छोटी आणि परवडणारी फोर-बाय-फोर जगात आली ती डोंगरात, बर्फात, चिखलात काम करणाऱ्या माणसासाठी. तिच्याबद्दल लोकांना आजही जी ओढ वाटते, तिचं मूळ तिथे आहे. आणि आपल्याकडे ज्याला तिची खरी गरज आहे, त्याला ती आता परवडत नाही. असं का झालं, आणि त्यात तुमचा-माझा वाटा किती, हे आज बघू.

चारही चाकं फिरली म्हणजे काय होतं?

आधी थोडं गणित. घाबरू नका, सहावीतलं आहे.

गाडी पुढे जाते ती चाकाच्या जमिनीवरच्या पकडीमुळे. पकड दोन गोष्टींवर ठरते : चाकावर वजन किती, आणि खालची जमीन कशी. कोरड्या डांबरावर पकड भरपूर असते. ओल्या चिखलात ती चाकावरच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. आपण दहात तीन धरू.

आता १००० किलोची गाडी घ्या, पुढची चाकं फिरणारी, म्हणजे आपल्या बहुतेक घरगुती गाड्यांसारखी. पुढच्या चाकांवर समजा ६०० किलो वजन आहे. चिखलात त्या चाकांना मिळणारा जोर ६०० च्या दहात तीन, म्हणजे १८० किलो. समोर चढ आहे, पाच फूट पुढे गेलं की एक फूट वर जाणारा. तो चढायला जवळजवळ २०० किलोचा जोर लागतो. चिखल चाकांना मागे ओढतो तो वेगळाच. म्हणजे गाडी चढत नाही. चाक जागच्या जागी फिरतं, चिखल उडतो, ड्रायव्हर आणखी रेस देतो आणि गाडी आणखी रुतते. शिवाय चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं, मागे माणसं आणि पोती असली तर आणखीच. म्हणजे ते ६०० किलोसुद्धा पुढे राहत नाहीत.

तीच गाडी, तेच इंजिन, तेच टायर, पण चारही चाकांना जोर मिळतोय. आता सगळे १००० किलो कामाला लागले. दहात तीन म्हणजे ३०० किलोचा जोर. गाडी चढते.

इंजिन आपण बदललं नाही, हे लक्षात घ्या. चिखलात गाडी अडते ती बहुतेक वेळा इंजिनात ताकद नाही म्हणून अडत नाही. ती ताकद जमिनीपर्यंत पोचत नाही म्हणून अडते.

दुसरी गोष्ट लो रेंज. खऱ्या कामाच्या फोर-बाय-फोरमध्ये मुख्य गिअरबॉक्सच्या जोडीला आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यात लो रेंज टाकली की सगळे गिअर आणखी खाली येतात. आजच्या जिम्नीत हे प्रमाण साधारण दोनास एक आहे. म्हणजे वेग निम्मा आणि चाकावरचा जोर दुप्पट. १०० अश्वशक्तीचं इंजिन सावकाश का होईना, पण दांडगं काम करतं. उताराला तर याचा फायदा जास्तच. पहिल्या गिअरात, लो रेंजमध्ये गाडी माणसाच्या चालीनं उतरते आणि ब्रेक तापत नाहीत. घाटात ज्यांनी तापलेल्या ब्रेकचा वास घेतलाय, त्यांना याची किंमत सांगायला नको.

तीन मीटरांत बसवलेली जीप

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप सगळ्यांना माहीत आहे. युद्धानंतर महिंद्रानं ती आपल्याकडे आणली आणि पुढची कित्येक दशकं आपल्या खेड्यांत 'जीप' हाच फोर-व्हील गाडीला शब्द राहिला. पण छोटी आणि स्वस्त म्हणावी अशी फोर-बाय-फोर खऱ्या अर्थानं जपानमध्ये आकाराला आली.

जपानमध्ये 'केई' नावाचा गाड्यांचा एक वर्ग आहे. छोटी गाडी असेल तर कर कमी. १९६०च्या दशकात त्याची मर्यादा होती लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० सीसी. होप मोटर कंपनी नावाच्या एका लहानशा कंपनीनं या मापात बसणारी फोर-बाय-फोर बनवली. तिच्या मोजक्याच गाड्या निघाल्या. १९६८ मध्ये सुझुकीनं तिचे हक्क विकत घेतले. त्यामागे ओसामू सुझुकी यांचा आग्रह होता. पुढे मारुतीच्या निमित्तानं भारताशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, तेच हे.

एप्रिल १९७० मध्ये सुझुकीची एलजे-१० बाजारात आली. ३५९ सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, जेमतेम २५ अश्वशक्ती. वजन ६०० किलोच्या आत. लांबी ३ मीटरच्या वर जाऊ नये म्हणून स्टेपनी मागे बाहेर न टांगता आतच ठेवली आणि त्यापायी एक सीट गेली. गाडी तीनच माणसांची झाली. पण लो रेंज मात्र सोडली नाही. डोंगरातल्या लाकूडतोड्याला, मासळी बंदरातल्या माणसाला, बर्फात अडकणाऱ्या गावाला चौथ्या सीटपेक्षा ती जास्त लागणार होती. हीच जिम्नी.

जपानचं पुढचं चित्र आपल्याला चकित करेल. तिथे फोर-व्हील-ड्राइव्ह ही जिम्नीपुरती गोष्ट राहिली नाही. ऑल्टो आणि वॅगनआर, ही नावं आपल्या घरातली आहेत ना? या गाड्या जपानमध्ये फोर-व्हील-ड्राइव्ह मिळतात. त्यांना लो रेंज नसते, पण बर्फाळ गल्लीतून बाहेर पडायला त्या पुरतात. शेतकऱ्यांचे छोटे केई ट्रकसुद्धा फोर-व्हील-ड्राइव्ह असतात. तिथे कोणी त्याला साहस म्हणत नाही. घरातल्या आजीबाई तशी गाडी घेऊन भाजी आणायला जातात.

युरोपातही असंच एक उदाहरण आहे, इटलीच्या फियाट पांडाचं. साधी, चौकोनी, स्वस्त गाडी. १९८३ मध्ये तिची फोर-बाय-फोर आवृत्ती आली. चारही चाकांची यंत्रणा ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या स्टायर-पुख कंपनीनं दिली. इंजिन ९६५ सीसीचं, ५० अश्वशक्तीच्याही आतलं. लो रेंजचा खर्च परवडत नव्हता, म्हणून पहिला गिअरच खूप खालचा केला. आल्प्समधल्या खेड्यांत या जुन्या पांडा आजही दिसतात. आणि गंमत बघा, फियाटचे मालक जियानी आन्येल्ली, जगातली कुठलीही गाडी घेऊ शकणारा माणूस, सेंट मॉरिट्झच्या बर्फात पांडा फोर-बाय-फोरच वापरत.

जिप्सी आणि आपण

आपल्याकडे ही परंपरा आली डिसेंबर १९८५ मध्ये, मारुती जिप्सीच्या रूपानं. पहिल्या जिप्सीचं इंजिन होतं ९७० सीसी आणि ४५ अश्वशक्तीचं. आजच्या ऑल्टोचं इंजिनसुद्धा याहून ताकदवान आहे. पण तिच्याजवळ मजबूत चासी होती, पुढे-मागे अखंड ॲक्सल होते, चारही चाकांना पाट्यांचं सस्पेन्शन होतं, लो रेंज होती. आणि वजन होतं एक टनाच्या आत. १९९६ मध्ये १३०० सीसीची जिप्सी किंग आली आणि २००० मध्ये तिची ताकद ८० अश्वशक्ती झाली.

ती आरामाची गाडी कधीच नव्हती. मागच्या आडव्या बाकावर बसून कोणी तासभर प्रवास केला असेल तर त्याच्या पाठीला विचारा. पण लष्करानं ती हजारोंच्या संख्येनं घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्यानं घेतली. हिमालयातल्या मोटार शर्यतींत तिचा दबदबा होता. आणि ताडोबा, पेंच, रणथंबोर, कॉर्बेट कुठेही जा, व्याघ्रदर्शनाच्या उघड्या गाडीचं नावच 'जिप्सी' पडलंय. 'उद्या सकाळची जिप्सी बुक केलीय' असं आपण म्हणतो. ताडोब्याच्या धुळीत सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर घेऊन या गाड्या वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारतायत.

२०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी जिप्सीची विक्री थांबली. त्या वर्षी ऑक्टोबरपासून जुन्या मॉडेलांनाही क्रॅश चाचणीचे नियम लागू होणार होते आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. जिप्सीत एअरबॅग नव्हत्या, तिची रचना १९८०च्या दशकातली होती. त्यामुळे ती थांबली यात अन्याय काही नाही. प्रश्न वेगळा आहे. तिच्या जागी, तिच्या किमतीच्या आसपास, नवी सुरक्षित गाडी का आली नाही?

त्याकडे येतोच. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देतो.

छोटी असण्याचा फायदा काय?

बरेचजण म्हणतात, छोटी म्हणजे तडजोड, पैसे असते तर मोठी घेतली असती. रस्त्याच्या शेवटी हे खरं ठरत नाही. तीन कारणं सांगतो.

पहिलं वजन. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. चपलेला चिकटून चप्पल दोन किलोची होते, गाडीची तर बातच सोडा. अशा जमिनीत दोन टनांची गाडी स्वतःच्याच वजनानं खाली बसते. एक टनाची गाडी वरच्या थरावरून निभावून नेते. आणि समजा रुतलीच, तर चार माणसं खांदा लावून ती काढतात. जड गाडीला ट्रॅक्टर बोलवा, टोचन लावा, आणि ट्रॅक्टरही रुतला तर दुसऱ्याची वाट बघा.

हलक्या गाडीची हद्द किती असते याचं एक टोकाचं उदाहरण आहे. एप्रिल २००७ मध्ये चिलीतल्या गोन्झालो ब्रावो आणि एदुआर्दो कानालेस या दोघांनी सुझुकी सामुराई, म्हणजे आपल्या जिप्सीची सख्खी बहीण, ओखोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत चढवली. गाडीत बरेच बदल केलेले होते आणि तो विक्रम पुढे मोडलाही गेला. पण त्या वेळी चारचाकीनं गाठलेली जगातली ती सर्वांत मोठी उंची होती आणि ती गाठली एका छोट्या गाडीनं.

दुसरं कारण रुंदी. जिप्सी १.५४ मीटर रुंद, आजची जिम्नी १.६४५ मीटर, थार १.८ मीटरच्या वर. कागदावर हा फरक वीतभराचा. पण आपल्या पाणंद रस्त्यांवर, विदर्भात ज्याला पांदण म्हणतात तिथे, दोन्ही बाजूंना बांध आणि बाभळी असतात. तिथे वीतभर म्हणजे आरसा वाचणं किंवा तुटणं, आणि डोंगरात चाक कड्याच्या आत राहणं किंवा बाहेर जाणं.

दार्जिलिंगकडे मानेभंज्यांगहून संदकफूला जाणारा रस्ता याची साक्ष आहे. ३१ किलोमीटर, वरचं टोक ३,६३६ मीटर. या रस्त्यावर कित्येक दशकं १९५०च्या काळातल्या लँड रोव्हर टॅक्सी म्हणून धावल्या. चहाच्या मळ्यांतून ब्रिटिश गेले, गाड्या राहिल्या. आखूड, अरुंद, साध्या. खड्या वळणांवर त्या एका दमात वळायच्या आणि तिथल्याच मिस्त्रींनी त्या जगवल्या. दक्षिणेत सूर्यनेल्लीहून कोलुक्कुमलैच्या चहामळ्यावर जातानाही तेच दृश्य दिसतं, फक्त तिथे जीप असतात. या गाड्यांवर घरं चालतात.

तिसरं कारण दुरुस्ती. साधी गाडी तालुक्याच्या मिस्त्रीला कळते. लहान टायर स्वस्त, क्लचप्लेट स्वस्त, पाटा तुटला तर लोहारसुद्धा वेळ मारून नेतो. संगणकाशिवाय दोषच सापडत नाही अशी गाडी शोरूमपासून दीडशे किलोमीटरवर बंद पडली, की तिची सगळी शान तिथेच उतरते.

'ट्रॅक्टर आहे की!'

इथे गावाकडची मंडळी मला थांबवतील. म्हणतील, अहो, चिखलासाठी ट्रॅक्टर आहे, मोटरसायकल आहे, कशाला हवी ही गाडी? प्रश्न रास्त आहे.

उत्तर असं. ट्रॅक्टर चिखल पार करतो, पण रात्री दोन वाजता चाळीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या दवाखान्यात आजाऱ्याला ट्रॉलीत घालून नेणं किती हालाचं असतं, हे ज्यांनी नेलंय त्यांनाच विचारा. मोटरसायकलवर बाळंतीण बसू शकत नाही. साधी कार हायवेवर उत्तम, पण ती वाडीपर्यंत येतच नाही. चिखलातले दोन किलोमीटर आणि डांबरावरचे चाळीस किलोमीटर, हे दोन्ही एकाच गाडीनं, माणसाला न उतरवता पार करणं, हे काम फक्त छोटी फोर-बाय-फोर करू शकते.

असे 'शेवटचे दोन किलोमीटर' आपल्या देशात भरपूर आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि तिनं देशाचं चित्र पालटलं, यात शंका नाही. पण तिचा निकष लोकसंख्येचा होता : सपाट भागात ५०० आणि डोंगराळ, वाळवंटी, आदिवासी भागांत २५० वस्तीच्या वरच्या वाड्यांना रस्ता. मग ऐंशी उंबऱ्यांची वाडी, शिवारातली एकटी घरं, डोंगरउतारावरची सफरचंदाची बाग, यांच्यापर्यंत डांबर कधी पोचणार? दर पावसाळ्यात आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या येतात. मेळघाट असो, नंदुरबार असो की उत्तराखंड.

ओढ्याला पूर आला तर कुठलीच गाडी कामाची नाही, आणि गाडी हा रस्त्याला पर्याय नाही. रस्ता झालाच पाहिजे. पण तो होईपर्यंतची जी वीस-पंचवीस वर्षं असतात, ती माणसांना जगावी लागतात.

मग ती परवडत का नाही?

आता मुद्द्यावर येऊ.

आपल्याकडे कराच्या दृष्टीनं 'लहान गाडी' म्हणजे काय? लांबी ४ मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर जीएसटी १८ टक्के आहे. या मापाबाहेर गेलात की ४० टक्के.

जिम्नी बघा. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आपल्याकडे १२ लाख ७४ हजारांपासून विक्रीला आली. लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे ४ मीटरच्या आत. पण पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती 'लहान' नाही. महिंद्रा थारही ४ मीटरच्या आतली. तिची १५०० सीसी डिझेल आवृत्ती लहान गाडीच्या मापात बसते, पण त्या आवृत्तीत फक्त मागची दोन चाकं फिरतात. चारही चाकं हवी असतील तर मोठं इंजिन घ्यावं लागतं, आणि मोठं इंजिन म्हणजे ४० टक्के. परिणाम असा, की दिसायला जीप, कामाला टू-व्हील-ड्राइव्ह ही स्वस्त, आणि कामाची ती महाग. २०१४ मध्ये रेनॉ डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती आली होती, पांडासारखा खूप खालचा पहिला गिअर असलेली. तीही बीएस-६च्या वेळी डिझेलबरोबर गेली.

तुम्ही म्हणाल, मग दोष सरकारचा. थांबा. नियम नीट वाचा. १२०० सीसी पेट्रोल, ४ मीटर लांबी. या मापात लो रेंजची फोर-बाय-फोर बसवायला कोणी मनाई केलीय का? पहिली जिप्सी ९७० सीसीची होती, ४५ अश्वशक्तीची, आणि तिनं लष्कराची आणि जंगलखात्याची कामं केली. आज स्विफ्टमधलं १२०० सीसीचं इंजिन ८० अश्वशक्तीच्या वर आहे. लो रेंज जोडली तर चिखलाला आणि चढाला ते भरपूर झालं. म्हणजे कायदा आहे तसा ठेवूनही १८ टक्के करातली फोर-बाय-फोर बनू शकते.

बनत नाही, कारण आपण ती मागत नाही. इथे आपला वाटा येतो. जिम्नी आली तेव्हा आपल्याकडे पहिली तक्रार कोणती झाली? हायवेला ओव्हरटेक करताना ताकद कमी पडते. दुसरी, मागे सामानाला जागा नाही. तिसरी, या किमतीत याहून मोठी गाडी मिळते. तक्रारी खोट्या नाहीत. पण त्या सगळ्या हायवेवरच्या माणसाच्या आहेत. वर्ष संपायच्या आत कंपनीला १० लाख ७४ हजारांपासून मर्यादित आवृत्ती काढावी लागली. आणि हीच गुरुग्रामला बनणारी पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये 'नोमाड' नावानं जपानमध्ये गेली, तर चार-पाच दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं.

आपल्याकडे गाडीचा बाजार शहरातल्या ग्राहकाच्या आवडीवर चालतो. आपण फोर-बाय-फोरला रुबाब मानलं, म्हणून कंपन्यांनी रुबाब बनवला. ताकद वाढली, रुंदी वाढली, पडद्यांचे इंच वाढले, किंमत वाढली. आणि वाडीवरचा माणूस त्या रांगेतून आपोआप बाहेर पडला. त्याची मागणी कोणत्याही शोरूममध्ये नोंदवली जात नाही, कारण तो शोरूममध्ये जातच नाही. तो जुनी जिप्सी शोधतो.

घ्यायची असेल तर

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात गाडी घ्यायचं असेल. चार गोष्टी सांगतो.

पहिली, वर्षातून किती दिवस लागणार ते मोजा. फार्महाऊसचा रस्ता मुरमाचा असेल तर चांगले टायर आणि जमिनीपासून उंची असलेली साधी गाडी बहुतेक वेळा पुरते. फोर-बाय-फोरचं वजन आणि इंधन तुम्ही रोज वाहणार, हे ध्यानात ठेवा.

दुसरी, ती काय करत नाही ते समजून घ्या. चारही चाकं फिरल्यानं ब्रेक लवकर लागत नाहीत आणि वळणावर गाडी जास्त धरत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. बर्फात घसरून उलटणाऱ्या गाड्यांत फोर-बाय-फोर कमी नसतात, कारण चढताना आलेला आत्मविश्वास उतरताना नडतो.

तिसरी, वापरायला शिका. जिम्नी-जिप्सीसारख्या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पक्के जोडले जातात. कोरड्या डांबरावर वळताना दोघांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं, पण जोडलेले असल्यामुळे ते जमत नाही. गाडी आखडते आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणून फोर-व्हील फक्त चिखलात, वाळूत, बर्फात, सैल दगडांवर टाकायचं आणि डांबर आलं की काढायचं. चिखल दिसल्यावर, रुतायच्या आधी टाकायचं, रुतल्यावर नाही. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, भरती कोणासाठी थांबत नाही आणि खारं पाणी चासी खातं.

चौथी, जुनी जिप्सी घेणार असाल तर रंग बघून भुलू नका. खाली वाकून चासीचा गंज बघा, पाट्यांच्या टोकाशी विशेष. मोकळ्या मातीच्या मैदानात नेऊन फोर-व्हील आणि लो रेंज दोन्ही टाकून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेली लो रेंज अडकलेली असते. कागद तपासा. वाहन लष्कराच्या लिलावातलं असेल तर नोंदणी पूर्ण झालीय का ते आधी बघा, पैसे नंतर द्या. आणि त्या गाडीत एअरबॅग नाहीत, हे घरच्यांना सांगून घ्या.

शेवटी एवढंच म्हणतो. पुढच्या वेळी कोणी छोट्या फोर-बाय-फोरला 'कमी ताकदीची' म्हणून नावं ठेवली, तर त्याला विचारा, कोणासाठी कमी? आणि कंपन्यांच्या पाहणीत, शोरूमच्या फॉर्मवर तुमचं मत कोणी मागितलं, तर मोठा पडदा मागण्याऐवजी १२०० सीसीची, लो रेंजची, दोन एअरबॅगची, पत्र्याच्या आतल्या अंगाची साधी गाडी मागा. तुम्हाला ती घ्यायची नसली तरी मागा. ज्यांना हवी आहे, त्यांचं मत तिथे विचारलं जात नाही.

तुमच्या भागातला असा एखादा रस्ता असेल आणि त्यावर एखादी जुनी गाडी इमानानं धावत असेल, तर तिच्याबद्दल जरूर कळवा.